दोऱ्याखालचं बोट

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि तू जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा हे पत्र टपालात टाकायची मला घाई नाही. मद्रासच्या दवाखान्यात मी आता पोरांचे दंड मोजते. फीत लावली की तुझा आवाज ऐकू येतो, "आवळूं नको, सैल सोडूं नको," आणि मी चिडते, कारण शिकलेली नर्स मी आहे, तू नव्हतीस. पण तुझं माप माझ्यापेक्षा चोख होतं, हे कबूल करते.

कुंभकोणमच्या घरात धाकटा भाऊ पोटभर खायचा आणि तरी वाळत जायचा. खोकला कायमचा. त्याचा पापा घेतला की ओठांना मीठ लागायचं. सरकारी दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरनं त्याला काट्यावर बसवून वजन वाढलं म्हणून सांगितलं, तेव्हा तू दुभाष्याला म्हणालीस, "काटा पोट जोखतो. लेंकराचे हात कोण जोखणार?" खरंच, त्याचं पोट तेवढं फुगलेलं होतं. मग तूच जोखू लागलीस. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी न्हाणं झालं की शेजारच्या विणकराच्या मागावरचा रेशमी दोरा त्याच्या दंडाभोवती घ्यायचा, कापायचा आणि गेल्या महिन्याच्या दोऱ्याशेजारी धरायचा. आखूड निघाला की तू दिवसभर जेवायची नाहीस. उपास आहे म्हणायचीस, आणि आम्हांला ते खरं वाटतं असं तुला वाटायचं.

एका शुक्रवारी तू इडलीचं पीठ वाटते आहेस, हात भरलेले, म्हणून माप मला घ्यायला सांगतेस. भाऊ माझ्या कानाशी येतो. "अक्का, आज आखूड नको गे. आई जेवत नाहीं." मी दोऱ्याखाली माझं बोट सरकवते आणि घाईघाईत कापते. दोरा लांब भरतो. तू हात धुऊन दोन्ही दोरे उजेडात धरतेस, बराच वेळ बघतेस, आणि मला गूळ आणायला पिटाळतेस. परत येते तर तू निजलेल्या भावाशेजारी बसलेली. मग उठून गुळाचं पायसम करतेस, त्याला जागं करतेस आणि आम्हां दोघांच्या मध्ये बसून दोन वाट्या खातेस. भाऊ माझ्याकडे बघून हसतो. ते हसू मला फार आवडायचं. पोंगलच्या आधी तो गेला.

दोऱ्यांची पितळी डबी तू गेल्यावर मी घेऊन आले, पण उघडली आज सकाळी. माझा दोरा चटकन ओळखला, त्याचं टोक वेडंवाकडं कापलेलं आहे. टोकापासून थोडं आत एक बारीक गाठ आहे. बाकी एकाही दोऱ्याला गाठ नाही. म्हणजे मी गूळ आणायला गेले तेव्हा तू पुन्हा मोजलंस, खरं माप तिथे बांधून ठेवलंस, आणि तरी जेवलीस. इतकी वर्षं मी समजत होते की त्या दिवशी मी तुला जेवू घातलं.

पत्र त्याच डबीत ठेवते आहे. आज मी जेवले नाही. इथे सगळ्यांना उपास आहे म्हणून सांगितलं.