खिडकीच्या वरच्या फटीबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, कोळसा खाणीतला निवृत्त वायू तपासनीस, असे लिहून ठेवतो की माझी फुप्फुसं धुळीने निकामी झाली असली तरी डोकं ठिकाणावर आहे. हा कागद करण्यासाठी कुणी धाक घातलेला नाही, गळही घातलेली नाही. डॉक्टर म्हणतात काही महिने. माझा अंदाज आठवड्यांचा आहे. मालमत्ता थोडी आहे. माझ्या मुलाने आपल्या आईला एकतीस वर्षं जो दोष दिला तो तिच्या डोक्यावरून उतरावा, हे या मृत्युपत्राचे मुख्य कारण आहे.

१. राहते घर, दोन खोल्या आणि मागची पडवी, पत्नीच्या नावे. जमिनीखालचा कोळशाचा थर संपला, खाण बंद पडली, वसाहतीतल्या निम्म्या घरांना कुलपं आहेत. त्यामुळे या घराला गिऱ्हाईक मिळेल अशी आशा तिने धरू नये.

२. बँकेत जे असेल तेही तिचेच. आधी गुडघ्यांचा इलाज करावा. ती करणार नाही, म्हणून लेखी देतो.

३. वायू तपासण्याचा पितळी दिवा मुलाला. तो पवनचक्क्या उभारतो आणि आला की दारातूनच मला ऐकवतो, ‘‘बाबा, तुमच्या कोळशाने हवा नासवली, माणसं मारली.’’ मी म्हणतो, ‘‘त्याच कोळशाच्या विजेवर तू अभ्यास केलास, आणि गावच्या दवाखान्यातली यंत्रंही त्यावरच चालली.’’ भांडण इथेच अडायचं, कारण दोघांचंही खरं होतं. जे तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागली ते आम्ही चाळीस वर्षांत उपसून जाळलं. त्यात पोट भरलं, हे नाकारून मला मरायचं नाही.

४. माजी व्यवस्थापक साहेबांनी माझ्या शोकसभेत भाषण करू नये. धुळीपासून बचावासाठी मागितलेले मास्क ‘पुढच्या तिमाहीत’ येणार होते. ती तिमाही बावीस वर्षांत उजाडली नाही. त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा, माईक देऊ नये.

५. माझी मुलगी ठकी सात वर्षांची असताना गेली. तिचा मृत्यू कसा झाला ते इथे शपथेवर लिहितो.

कोळसा फोडण्याचं यंत्र सुरू झालं की आमच्या वसाहतीत घरोघर खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबायची रीत होती. नाहीतर अंथरुणं काळी होत. मात्र शेगडी पेटवायची असेल त्या खोलीतली वरची फट मोकळी ठेवायची. खाणीकडून कोळसा फुकट मिळे, म्हणून थंडीत शेगडी रोजच पेटे.

त्या सकाळी ठकीला खोकला होता. धूळ तिच्या छातीत जाऊ नये म्हणून पहिल्या पाळीला निघताना मी वरची फटही बुजवली. आमचा कोळसा धूर करत नाही, मग काय होतंय, असं मला वाटलं. खाली चारशे माणसांसाठी रोज वायू तपासणारा मी, आणि घरात हे वाटलं! बायकोने नेहमीप्रमाणे शेगडी आत ठेवली आणि ती पाणी भरायला गेली. बंद खोलीत शेगडीतून जो विषारी वायू साठतो त्याला रंग नसतो, वास नसतो. ठकी झोपेतच गेली.

मी धावत आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. नऊ वर्षांचा मुलगा माझा हात धरून होता. सगळ्यांसमोर मी बायकोवर ओरडलो, ‘‘वरची फट का बुजवलीस?’’

ती गप्प राहिली. रोज चिंध्या तीच लावायची, तेव्हा तिला आपलीच चूक वाटली असणार, असं मी धरून चाललो. मुलाने त्या दिवसापासून तिला आई म्हणून हाक मारलेली नाही. मला दुरुस्ती करायला रोज संधी होती. मी केली नाही. मी भित्रा आहे.

जादा मजकूर. सही करण्यापूर्वी, आज दुपारी, कलम पाच पत्नीला वाचून दाखवले. ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, ‘‘मला माहीत होतं. मी चिंध्या भिजवून लावायचे. वरच्या फटीतून काढल्या त्या कोरड्या होत्या.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘तुम्ही रोज खाली उतरत होता. हे डोक्यात घेऊन दिवा नीट बघितला असता का? खाली इतक्या जणींचे नवरे होते.’’

‘‘आणि निवृत्त झाल्यावर?’’

‘‘तेव्हा तुमची वाट बघत होते.’’

मी रडलो. तिने मला रडू दिलं, जवळ आली नाही. मग म्हणाली, ‘‘पोराला तोंडाने सांगा. कागदाआड लपू नका.’’

मुलाला फोन केला आहे. तो रविवारी येतो. तोवर माझा श्वास पुरला तर कलम पाच मी स्वतः खोडेन. न पुरल्यास मुलाने ते आईसमोर उभे राहून, मोठ्याने, शेवटपर्यंत वाचावे.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : अकरा जानेवारी, गुरुवार

सही : निवृत्त वायू तपासनीस

साक्षीदार :
१. शेजारचे कंपाउंडर (सही)
२. खाणीत माणसं उतरवणारा पाळणा चालवणारे, माझे मित्र (डाव्या हाताचा अंगठा)