सुपाखालचा केर

धुळे, गुरुवार संध्याकाळ

लेक मीरा हिच्याबरोबर धरणगावला माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे जाऊन आलो. जिवाणू मेले तरी त्यांची रसायने घरातल्या धुळीत उरतात. मीराच्या प्रयोगशाळेतले यंत्र रेणूंच्या वस्तुमानावरून ती ओळखते. नमुन्यासाठी धूळ साचावी म्हणून मीराने आत्याला बजावले होते, आठ दिवस झाडू नका. तिच्या अभ्यासाच्या यादीतले हे शेवटचे घर.

पहिल्या बसने पोचलो. फरशी लख्ख! काल दिवेलागणीनंतर अक्काने सगळे घर झाडले होते.

"तुन्ही मशीनले मी घरनी घान दखाडू का?"

मीरा रडकुंडीला आली. मी विचारले, "केर कुठे टाकला?"

अक्का माझ्यावरच खेकसली. "दिवा लायावर केर भाहेर टाकतस का? लक्ष्मी चालनी जास!"

तिने कोपऱ्यातले सूप उचलले. खाली आठ दिवसांचा केर, कापसाच्या तंतूंसकट. मीराने तिला मिठीच मारली. या रिवाजाला मी किती वर्षे हसलो? आज तिच्या हातातले सूप मीच घेऊन जागेवर ठेवले.

मीरा बाटली भरत होती. अक्काने हळूच विचारले, "तीवर मन्हं नाव नही ना?"

"नाही आत्या, फक्त नंबर."

मग कुठे अक्काने चहा ठेवला.