तेराव्या कांडापर्यंत बॅटरी

अहो,

आज लाइनचं काम आहे, दिवसभर वीज नाही. म्हणजे तुम्हाला खाटेवर पडल्या पडल्या ऐकू येणारा विहारातला भोंगाही बंद. म्हणून मी तिथून फोन लावून तो कथा गाणाऱ्या भन्तेंसमोर ठेवणार आहे. तुमच्या फोनची म्हातारी बॅटरी ऐंशी टक्के भरलीय. उजेड कमी केलाय, नेट बंद केलंय. कोंबड्यांच्या झुंजी बघायला ते चालू केलंत तर याद राखा! फोन उशीखाली ठेवू नका, तापला की बॅटरी भराभर उतरते. एक कांड संपलं की बंद करा, विहारातली घंटा ऐकू आली की चालू करा. मी लगेच लावते.

तळहाताएवढ्या डबीतून बुद्धांच्या आधीच्या जन्माची, वेस्सन्तराची अख्खी कथा शेत ओलांडून तुमच्या खाटेपाशी येणार, या विचारानंच पहाटेपासून अंगावर काटा आहे. तेराही कांडं एकाच दिवशी ऐकणारा पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धांच्या काळात जन्म घेतो. दरवर्षी तुम्ही ‘पुढच्या वर्षी’ म्हणालात. यंदा मी तसं म्हणू देणार नाही.

चिकट भात टोपलीत झाकलाय.

तेराव्या कांडाला तुमचा फोन लागला नाही, तर मीही ते न ऐकता उठून घरी येईन. तुमच्याशिवाय त्या काळात मी हाक कुणाला मारू?

— बुआलोय