ओल्या हाताने बटण दाबू नये

६ जानेवारी

प्रिय झिपरीस,

ताईचे अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुम्हीही तिकडे खुशाल असाल, असं धरून चालते. धरूनच चालावं लागतं, कारण तू फोन उचलत नाहीस. बहुधा माझा नंबर ब्लॉक केला आहेस. पत्राला तशी सोय नाही. पोस्टमनला तुझा राग ठाऊक नसतो, तो आपला दारात टाकून जातो.

दहावीला वीज शिकवायला घेतली आहे. यंदा वर्गात एक मुलगी आहे, तिचं प्रत्येक वाक्य 'पण बाई'ने सुरू होतं. मी तिचं नाव पणती ठेवलं आहे, अर्थात मनातल्या मनात. काल फळ्यावर सेल, बल्ब आणि दोन तारा काढल्या आणि विचारलं, बल्बमध्ये शिरणारी विद्युतधारा जास्त की बाहेर पडणारी? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "शिरणारी!" बल्ब पेटतो म्हणजे काहीतरी खात असणारच, फुकट कोण पेटेल? दर वर्षी हेच उत्तर येतं. मग मी बल्बच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन अमीटर जोडले. दोन्ही काटे एकाच आकड्यावर! वर्ग माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी टोपीतून ससा काढला.

"पण बाई, मग बल्बला मिळालं काय?"

म्हटलं, पोस्टमन घरी पत्र टाकून पुढे जातो, तो काही तुमच्या घरी संपत नाही. धारा तशीच ऊर्जा टाकून पुढे जाते. यावर पणती म्हणाली, "पण बाई, त्याच्या पिशवीत पत्रं भरणारा सेल असतो ना? तो संपतो त्याचं काय?" मी म्हटलं, तेच उद्या लिहून आण. उत्तर सुचलं नाही की शिक्षक गृहपाठ देतात, हे तुला माहीत आहेच.

तुझे भाऊजी मजेत आहेत. गुडघा दुखतो म्हणतात, पण तो टीव्हीपर्यंत व्यवस्थित चालतो. आई ठीक आहे.

हे शेवटचं वाक्य लिहून मी उठले, चहा टाकला, धुतलेलीच भांडी परत विसळली आणि येऊन बसले. आई ठीक नाही गं. नोव्हेंबरपासून ती भिंतीकडे तोंड करून पडून आहे. आधी बोलणं कमी झालं, मग अंघोळ, मग जेवण. आता चमचा ओठांशी नेला तर तोंड उघडते, तेही कधी कधी. नजर माझ्यावर असते, पण ती मला बघते आहे असं वाटत नाही. डिसेंबरात गोळ्या सुरू केल्या, त्यांनी ढिम्म फरक पडला नाही. गेल्या आठवड्यात तिला दवाखान्यात ठेवलं.

मनाच्या डॉक्टरांकडे. तू ऑगस्टमध्ये सांगितलं होतंस तिथेच.

डॉक्टर आता एक वेगळा उपचार सुचवत आहेत. लवकर ठरवा म्हणतात, कारण ती पाणीही घेईनाशी झाली आहे. तो उपचार कोणता हे लिहायला हात धजत नाही. तू फोन कर, म्हणजे तोंडानं सांगेन.

तुझी,
ताई

⁂

१९ जानेवारी

प्रिय झिपरीस,

अनेक आशीर्वाद. भाऊजींच्या फोनवर तुझा निरोप पोचला. 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा.' मला 'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागलीस? एवढा मान देऊ नकोस, पचत नाही.

योग्य वाटलं ते केलं. आईला विजेचे उपचार चालू आहेत. शॉक. उभी असशील तर खाली बस. मीही डॉक्टरांसमोर खुर्चीत बसूनच ऐकलं होतं.

आठव, कुणाच्या डोक्याला वीज लावायची ते! जी आपल्याला बटण दाबायला चपला घालून पाठवायची. लाइट गेली तरी "तारेला शिवू नका, मेलेली वीज जास्त चावते" म्हणायची. आकाशात गडगडलं की मेन स्विच बंद करून आपल्याला अंधारात ओळीनं बसवायची. त्या बाईला शॉक, आणि संमतीची सही माझी.

डॉक्टरबाई तरुण आहेत, हळू बोलतात. मी त्यांची तोंडी परीक्षाच घेतली. व्होल्ट किती, धारा किती? त्या म्हणाल्या, पाऊण अँपिअरच्या आसपास. झिपरे, मी मुलांना शिकवते की एक-दशांश अँपिअर छातीतून गेला तरी माणूस दगावू शकतो. म्हटलं, "अहो, मी विज्ञान शिकवते, मला फसवू नका."

"मग तुम्हाला सांगणं सोपं आहे," त्या म्हणाल्या. "किती, एवढंच विचारू नका. कुठून आणि किती वेळ, तेही विचारा. ही धारा डोक्यापुरती असते, हृदयाकडे जात नाही. काही सेकंदच देतो, तीही तुटक तुटक. आणि आई भूल दिल्यामुळे झोपेत असतील."

"आणि त्यानं नेमकं होतं काय?"

"मेंदूला थोडा वेळ झटका येतो. काही वेळा दिला की माणूस उभारी धरतो, हे आम्ही रोज बघतो. तो का धरतो, हे पूर्णपणे अजून कुणालाच कळलेलं नाही."

हे शेवटचं त्यांनी सांगितलं नसतं तर मी सही केली नसती. माहीत नाही म्हणणारा डॉक्टर मला तरी पहिल्यांदाच भेटला.

पहिल्या दिवशी आईला झोप लागेपर्यंत मला दाराशी उभं राहू दिलं. नर्सनं तिची कानशिलं पुसली आणि त्यांवर बोटानं ओलं, गार जेल चोपडलं. "हे कशाला?" मी विचारलं. "करंट नीट जायला," ती म्हणाली. मी नोकरीला लागल्यापासून फळ्यावर लिहीत आले आहे, 'ओल्या हाताने बटण दाबू नये.' ओल आली की कातडीचा रोध घटतो, रोध घटला की धारा वाढते. मुलांकडून हे घोकून घेते. आणि इथे माझ्या डोळ्यांदेखत माझ्या आईला मुद्दाम ओलं करत होते. कोरडं ठेवलं तर त्या रोधानंच तिथली कातडी भाजेल, हेही मला माझ्याच धड्यावरून कळत होतं. ओल तिला जपायलाच होती. कळत होतं, तरी बघवेना. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि कितीतरी वेळ 'थांबवा' हा शब्द दाताखाली धरून उभी राहिले.

शुद्धीवर आली तेव्हा तिनं माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि परत डोळे मिटले. आतापर्यंत दोनदा झालं. फरक अजून काही नाही.

मला भीती वाटते आहे. चुकलं तर चूक माझ्या एकटीची, आणि साधलं तर आई दोघींची, ही वाटणी मला मान्य नाही. फोन करून भांड, शिव्या दे, पण कर.

ताई

⁂

१६ फेब्रुवारी

झिपरे,

आई बोलली! मायने-बियने राहू देत. मी चहाचा कप पुढे केला, तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "साखर काय कुलपात ठेवली आहेस?" माझ्या उभ्या आयुष्यात इतकं गोड मला कुणी टोचून बोललं नसेल. आता ती घरी आहे. स्वतःच्या हातानं जेवते, केस विंचरते, भाऊजींच्या घोरण्याची नक्कल करते. तिला विजेचे उपचार दिले हे मी भीत भीत सांगितलं. तिनं विचारलं, "पायात चपला होत्या ना माझ्या?" मी स्वयंपाकघरात जाऊन हसले आणि मग तिथेच ओट्याला धरून रडले.

इथवर पत्र चांगलं झालं. आता पुढचं.

वर्गात चुंबकत्व चालू आहे. तारेखाली होकायंत्र ठेवून बटण दाबलं की सुई न शिवता वळते, ते दाखवून झालं. काल शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेनं घासून तिचं चुंबक केलं. टाचण्या पटापट चिकटल्या. मग पणतीला तीच सुई हातोडीनं ठोकायला दिली. तिनं मनापासून ठोकली, आणि टाचण्या चिकटेनात. "पण बाई, चुंबकत्व गेलं कुठे?" म्हटलं, गेलं कुठे नाही. सुईच्या आत बारीक बारीक भाग एका दिशेला तोंड करून उभे होते, ठोक्यांनी ते विस्कटले. लोखंड तेवढंच आहे, वजनही तेवढंच आहे. हे मी तोंडपाठ सांगून गेले, आणि तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत येऊन जी बसले ती पुढच्या तासालाही उठले नाही.

आईला मागचे काही महिने आठवत नाहीत. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी सहीच्या आधीच सांगितलं होतं म्हणे. माझं सगळं लक्ष अँपिअरमध्ये, मी ते ऐकलंच नव्हतं. तिच्या लेखी तू शेवटची आलीस ती एप्रिलमध्ये, तिची नखं कापून दिलीस तेव्हा. त्यानंतरचं पुसलं गेलं आहे. ऑगस्टही.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तिनं विचारलं, "झिपरी फोन का करत नाही गं? बरी आहे ना?" मला राग आला. तिला भरवणारी मी, पुसणारी मी, आणि जागी झाल्याबरोबर आठवण तुझी. "कामात असेल," म्हणाले आणि खोलीतून निघून गेले. आज इतके दिवस झाले, मी तुला कळवलं नाही. आणखी एक वाईट गोष्ट सांगते. मला ते बरं वाटत होतं. आई बरी झाली, भांडण तिच्या डोक्यातून गेलं, घर शांत आहे, आणि या शांततेत मी एकटीच तिची मुलगी आहे.

आईचं ऑगस्टमधलं ते वाक्य मी आधीच्या दोन्ही पत्रांत टाळलं. आता लिहिते. आईचं फोनवरचं बोलणं तुला तेव्हाच खटकलं होतं, म्हणून तू आलीस आणि बॅग घेऊन दारातच उभी होतीस. तू एवढंच म्हणाली होतीस, "ताई, आईला मनाच्या डॉक्टरांना दाखव." आणि आई म्हणाली, "मला वेडी ठरवायला आलीस? मला एकच मुलगी आहे. तू पाहुणी, आलीस तशी जा." तू पाणीही न पिता जिना उतरलीस.

तुझं बरोबर होतं. वेळेवर ऐकलं असतं तर ती त्या खाटेपर्यंत गेलीच नसती, असं मला रोज वाटतं. पण हे तुला सांगायला हवं ते आईनं, आणि तिच्यापाशी आता ते वाक्यच नाही. ते तुझ्यापाशी आहे. बोललेली मोकळी आणि ऐकलेली अडकलेली! हा तुझ्यावर अन्याय आहे, आणि तो मी सही करून विकत घेतला. परत सही मागितली तर परत करीन, हेही खरं. डॉक्टर म्हणतात, काही आठवणी हळूहळू परत येतील, काही येणारच नाहीत. ही कुठल्यातली, ते सांगता येत नाही. तू आलीस आणि नेमकं तेव्हाच तिला ते आठवलं, तर काय होईल ते मला माहीत नाही. त्यामुळे 'ये, सगळं मिटलं' असं मी लिहू शकत नाही.

आज संध्याकाळी मी तिच्या उशीचा अभ्रा बदलत होते. ती खुर्चीत बसून केस विंचरत होती. मध्येच म्हणाली, "झिपरीला मी काही बोलले का?"

मी अभ्र्याची टोकं ओढत राहिले.

"तू गप्प बसलीस म्हणजे बोलले आहे."

शेवटी म्हटलं, "आई, ते तू तिलाच विचार." तर म्हणाली, पेन दे. ऐकतच नाही. पत्राच्या शेवटी जागा सोड म्हणाली आहे, आणि पाकीट ती स्वतः चिकटवणार आहे. ती काय लिहील ते मला ठाऊक नाही. मी वाचणार नाही.

माझं एवढंच. तुझ्यावाचून मला हे झेपत नाही.

ताई


चि. झिपरीस,

मी तुला काहीतरी बोलले आहे. काय ते आठवत नाही. ताई सांगत नाही, म्हणजे वाईटच असणार. तू येऊन सांग. मध्ये बोलणार नाही. ऐकून घेईन.

आई