फिल्टरची पेटी बसवली आहे

बाबा,

तुम्ही शेडमध्ये बांधताय त्या विमानाच्या इंजिनाला हवेच्या फिल्टरची पेटी मी सकाळीच बसवली. तुम्ही ती नुसती कार्बोरेटरला अडकवली होती. इंजिन हादरलं की तडकलीच असती, म्हणून खालून पट्टीचा आधार दिलाय. नट सुटून इंजिनात ओढले जाऊ नयेत म्हणून तारेनं बांधलेत.

काल "या वयात कसली उडायची हौस?" असं मी बोलून गेले, ते मनाला लावून घेऊ नका. खरं सांगते, तुम्ही उडू नये म्हणून पेटी लपवायचीच होती. शेडच्या दारापर्यंत नेलीही. पण तुमची सहा वर्षांची मेहनत मागे दिसली आणि पाऊल पुढे पडेना.

कामावर जातेय. मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. घाबरायचंच आहे, तर तुमच्या शेजारी उभी राहून घाबरेन.

— धाकटी