नानांवर चार पानं

११ फेब्रुवारी, मंगळवार
पहाटे नाना गेले. जळगावहून गाडी करून नरडाण्याला पोचले तोवर बाप तिरडीवर. स्मशानात मयत समोर ठेवून पाच पुढाऱ्यांची भाषणं. एकाने नावही चुकवलं. पाचही जणांच्या मते नाना 'मनमिळाऊ'. किळस आली. बाराव्याला, गंधमुक्तीला, मी बोलणार. फक्त खरं. आणि रडणार नाही.

१३ फेब्रुवारी
दारावर बायका येतात, गळ्यात पडून हेल काढतात, डोळे पुसून लगेच चहात साखर कमी सांगतात. शी! बेबाबाई आत्या म्हणाली, तू बी रड वं, लोके नावं ठेवतीन. म्हटलं, माझं लिहिणं चाललंय. म्हणे, लेक रडस, लिखस नही.

१६ फेब्रुवारी, सकाळी ६
खरं लिहायला घेतलं. नाना शिव्या देत. कापसाच्या भावावरून, वरणातल्या मिठावरून. मी नोकरी धरली तेव्हा आठ महिने अबोला धरला. मागची तीन वर्षं मी धरला. (शेवटचं वाक्य खोडलं. विषयाला सोडून आहे.)

१९ फेब्रुवारी
धाकट्या कुंदनला विचारलं, नानांचं काही चांगलं सांग. म्हणाला, अक्का, दर रविवारी मोबाइल चार्ज करून समोर घेऊन बसायचे. तुझा फोन नाही आला की मोबाइललाच शिव्या.
उपयोगाचं नाही.

२१ फेब्रुवारी
फेअर केलं. चार पानं. 'शिव्या'च्या जागी 'स्पष्टवक्ते', 'अबोला'च्या जागी 'मितभाषी'. हे खोटं नाही, एडिटिंग आहे. मन अगदी शांत. दोन दिवस घास उतरत नाही. आचाऱ्याचं तेल खराब असणार.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
एका पुढाऱ्याने चाळीस मिनिटं खाल्ली, तीस स्वतःच्या पुलावर. मग मी. आवाज खणखणीत. "स्पष्टवक्ते, मितभाषी, लेकीच्या पाठीशी सदैव उभे..."
पुढच्या रांगेतून बेबाबाईने शेजारणीला विचारलं. कुजबुजायची सवय नाही तिला. "हाऊ कोना बाप शे वं?"
"माझा," मी म्हणाले. हे पानावर नव्हतं.
त्यानंतर भोंग्यातून गावभर जो हेल गेला त्याला भाषण म्हणता येणार नाही. कुंदनने माइक बंद केला तोवर पंगतीच्या वरण-बट्ट्या गार झाल्या होत्या.
जाताना सगळ्या बायका सांगून गेल्या, छान बोललीस.