काचेच्या आतली वाफ

४ डिसेंबर १९८६, रत्नागिरी
केळशीहून एसटीने दुपारी पोचलो. प्रवास छान झाला. मालक रावजीशेठनी मला दादाच्या जागी मासळीच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून घेतलं. टेम्पो नवा आहे. दादाचा गेल्या वर्षी आंबा घाटात, धुक्यात, त्याच्यासकट दरीत गेला. पिऊन चालवत होता म्हणतात. दादा कधी पीत नसे. खरं काय ते कळल्याशिवाय परतणार नाही, असं आईला सांगून आलोय.

राहायला क्लीनर धाकूकडे. तो दादाचा जिवलग. त्या दिवशी तापाने घरी होता, म्हणून वाचला. त्याच्या आईने, येसूबाईंनी, तिसऱ्यांदा भात वाढला. वर म्हणाल्या, हा असाच जेवला तर कोल्हापूरला मासळी पोचायची नाही. कितीतरी दिवसांनी हसलो.

६ डिसेंबर
धाकूचे मामा आप्पा बोटीवर खलाशी आहेत. त्यांनी बर्फाच्या मुलखातून तापणारे वायपर आणलेत. रबरात बारीक तार असते. धाकूने ती बॅटरीला जोडली, स्टिअरिंगजवळ बटण बसवलं. थोड्या वेळात रबर ताज्या भाकरीसारखं कोमट झालं. रावजीशेठ म्हणाले, आता गाडीला काढाही पाज. धाकू हसला नाही. तुला घाटात नीट दिसलं पाहिजे, एवढंच म्हणाला.

८ डिसेंबर
उजाडताना घाट चढलो. बाहेरचं दव काचेवर टिकेना. पण डावीकडे, आतल्या बाजूने, बशीएवढा वाफेचा डाग आला. पुसला. पुन्हा आला. त्या सीटवर कोणी नव्हतं. धाकू तिथे बसतच नाही, मागे मासळीच्या खोक्यांवर बसतो. वारा मोकळा लागतो म्हणतो.

१० डिसेंबर
डाग लहान होतो, मोठा होतो. श्वासासारखा. धाकूला दाखवला. त्याने पाहिलं नाही.

११ डिसेंबर
आज वाफेत हात उमटला. करंगळी अर्धी. दादाची लहानपणी कोयत्याने तुटली होती. म्हणजे दादाच. पण डावीकडे कसा? गाडी तर तो चालवत —

१२ डिसेंबर
हाताचं बोललो, तेव्हा धाकूने सगळं सांगितलं. ताप दादाला होता. तो डावीकडे झोपला होता. चालवत धाकू होता, लायसन नसताना. काच धुरकटली, गाडी कडेला गेली, त्याने उडी मारली. मग दरीत उतरून दादाला स्टिअरिंगमागे ओढलं, अंगावर दारू ओतली.
तेव्हा श्वास चालू होता, म्हणाला.
आठ दिवस मी याच्या घरचं जेवतोय.

१३ डिसेंबर, घाटात
परतताना साखरप्याच्या पोलीस चौकीत सगळं सांगतो, असं धाकूने कबूल केलं. आज पहिल्यांदा डावीकडे बसला. वाटलं, आता दादा त्याला —

नाही. डावी काच स्वच्छ. वाफ माझ्यासमोर आली. रस्ता दिसेना. गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. धाकूने दार उघडून उडी मारली. पळाला. दार मागून आपोआप लागलं.

माझं उघडत नाही. त्याचंही.

वायपर फिरवायचं बटण बंद आहे. वायपर फिरतायत.

दादा, मी आहे, असं तीनदा म्हणालो. तुझ्यासाठीच आलो. माझं नाव घेऊन सांगितलं. हात काचेवर माझ्या तोंडासमोर आहे, हलत नाही. त्याला कोण ते बघायचंच नाही. फक्त चालवणारा हवा —

की मला ओळखूनच —

हँडब्रेक खाली गेला. मी नाही केला. चाकं —